रावसाहेबांची हमी

"बाई घाबरलीया का?"

ऑपरेशनच्या टेबलावर उताणे पडलेले रावसाहेब मगदूम मला हे विचारत होते. मी त्यांच्या हाताची शीर शोधत होतो. भूल देण्याआधी माणसं काय काय विचारतात, हे माझ्याइतकं आमच्या तालुक्यात कुणाला ठाऊक नसेल. मध्येच जाग आली तर? भुलेत काही बरळलो तर बायकोला सांगणार नाही ना? पण स्वतःचं सोडून सर्जनच्या मनाची चौकशी करणारा पेशंट मला पहिल्यांदाच भेटत होता.

मी दाराच्या काचेतून बाहेर पाहिलं. डॉ. मालिनी हिरेमठ बेसिनपाशी हात धूत होत्या. नखं घासून झाली होती, कोपरं घासून झाली होती आणि बाई पुन्हा नखांवर आल्या होत्या.

"तुम्हाला काय करायचंय?" मी म्हणालो.

"सांगा की. घाबरलीया का न्हाई?"

पेशंटशी गोड खोटं बोलणं हा माझ्या कामाचाच भाग. त्या दिवशी मात्र खोटं जिभेवर आलंच नाही. "असेल थोडी," मी म्हणून गेलो.

रावसाहेबांचा चेहरा उजळला. पोटात कॅन्सरची गाठ घेऊन टेबलावर पडलेला माणूस इतका खूश झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता. "झ्याक झालं," ते म्हणाले. "द्या मग भूल."

मला त्या माणसाचा असा राग आला की, औषध चढवताना मी मुद्दाम दोनदा मात्रा तपासली. रागाच्या भरात हात सैल सुटायला नको.

राग यायला कारण होतं. रावसाहेब म्हणजे बाजार समितीचे माजी सभापती. खुर्ची गेली तरी माणसं गेली नव्हती. शिट्टी वाजवली की दोन ट्रॅक्टर भरून यायची. त्यांचा धाकटा भाऊ सर्जेराव काही वर्षांपूर्वी बाईंच्या दवाखान्यात वारला होता. अपेंडिक्स पोटातच फुटलेलं, आणि घरच्यांनी आठवडाभर शेक आणि काढे करून, कुणाकडून तरी पोट चोळून घेऊन मग त्याला आणलेला. बाईंनी ऑपरेशन केलं, पण तोवर विष अंगभर पसरलं होतं. सर्जेराव गेला आणि तासाभरात अंगण माणसांनी भरलं. रावसाहेब दवाखान्याच्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "एक काच ठिवू नका."

ठेवली नाही. ऑपरेशनचा मोठा दिवासुद्धा खाली ओढून फोडला. बाई औषधांच्या खोलीत आतून कडी लावून बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी खोक्यावर मी बसलो होतो, तेव्हा हे काही मी ऐकीव सांगत नाही. बाहेर काच फुटली की बाईंचे ओठ हलायचे. मला वाटलं, देवाचं नाव घेताहेत. नंतर कळलं, शिव्या देत होत्या.

मोडतोडीचा खटला कोर्टात होता. फिर्यादी बाई, पहिले आरोपी रावसाहेब. तारखेला दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना बसायचे आणि मधे सगळ्या वकिलांची दप्तरं.

आणि हाच माणूस एक दिवस तपासणीचे कागद घेऊन बाईंपुढे येऊन बसला. बरोबर थोरली बहीण इंदाक्का. रावसाहेबांची बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. विधवा इंदाक्काच घर सांभाळायची आणि भावालाही. मी दोन ऑपरेशनांच्या मधे तिथेच चहा पीत बसलो होतो. कुणी मला बाहेर जा म्हणालं नाही. भुलेच्या डॉक्टरला कुणी मोजत नाही, त्याचा हा एक फायदा.

बाईंनी कागद पाहिले. शौचाच्या वाटेच्या जरा वर आतड्यात गाठ होती. वाईट गाठ, पण अजून जागेवर होती. काढता येण्यासारखी.

"मिरजेला जा," बाई म्हणाल्या. "नाहीतर सरळ पुण्याला. ऑपरेशन मोठं आहे."

"तुमी करता की असली आपरेशनं."

"करते. तुमचं करणार नाही."

"मग भाईर जाऊन तसं सांगतो," रावसाहेब शांतपणे म्हणाले. "म्हंजे गावाला कळंल, बाईनं डाव धरला. पेशंट दारातनं हाकलला."

बाईंच्या नाकाच्या शेंड्याला रंग चढला. "माझ्यावर तुमचा विश्वास आहे?"

"इस्वास? तुमच्यावर? सर्जा गेला त्या दिवसापासनं न्हाई."

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

"आपरेशनला," रावसाहेब म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले.

बाईंनी मग दात आवळून सगळं समजावून सांगितलं. गाठीचा भाग कापून काढायचा आणि आतड्याची दोन टोकं एकमेकांना जोडायची. जोड इतका खाली असला की नाजूक असतो. काही पेशंटांत तो गळतो, कितीही चांगला हात असला तरी. म्हणून वरच्या आतड्याचा फाटा पोटावर आणून तिथे काही महिने पिशवी लावायची. शौच पिशवीत जातं, खालचा जोड निवांत भरून येतो. मग छोटं ऑपरेशन करून पिशवी बंद.

"पिशवी?" इंदाक्का ताडकन उठली. "माझ्या भावाच्या पोटाला हगायची पिशवी? चार माणसांत बसतोय त्यो! अशी पिशवी लावून घरी धाडलासा तर गाव काय म्हणंल ठावं हाय? बाईनं काचांचा बदला पोटावर काढला, असं म्हणंल!"

"अक्का, बस खाली," रावसाहेब म्हणाले. "पिशवी लावायची का न्हाई ते बाई बघतील. आपल्याला त्यातलं काय कळतंय?"

ते गेल्यावर मी म्हणालो, "बाई, हात वर करा. सरळ नाही म्हणून सांगा. गाव चार दिवस बोलेल आणि विसरेल."

"गाव काही विसरत नाही, ओतारी," बाई म्हणाल्या. "आणि मला इथंच राहायचंय. त्याच्यासाठी मी माझं दुकान बंद करू?"

दवाखान्याला त्या रागावल्या की दुकान म्हणायच्या.

तर ऑपरेशन सुरू झालं. गाठ सुंदर निघाली, हे मला कबूल केलं पाहिजे. बाईंचा हात चालू लागला की बघत राहावं असा होता. ओटीपोटाच्या तळाशी, जिथे धड उजेड पोचत नाही की बोट वळत नाही, तिथून त्यांनी ती गाठ आजूबाजूच्या चरबीसकट अलगद सोडवून आणली. टोकं जोडली. आत हवा भरून पाहिली, बुडबुडा नाही. सगळं पाहिजे तसं.

मग बाई थांबल्या. वरच्या आतड्याचा फाटा त्यांनी बोटांत धरला होता. हाच फाटा पोटावर आणून पिशवी लावायची. नर्सनं त्यासाठीचं सामान आधीच मांडून ठेवलं होतं.

अंगणातून माणसांचा गलका ऐकू येत होता. सकाळपासून ती जमली होती. कुणी झाडाखाली, कुणी पायऱ्यांवर, दोघंतिघं तर माझ्या मोटारसायकलवर. खिडकीची नवी काच आणि तिच्यावर बसवलेली नवी लोखंडी जाळी मला टेबलाच्या डोक्याकडून दिसत होती.

"ओतारी," बाईंनी विचारलं, "बाहेर किती माणसं आहेत?"

इतकी वर्षं मी त्यांच्याबरोबर काम करत होतो. पोट उघडं असताना बाईंनी बाहेरच्यांची चौकशी कधी केली नव्हती.

"पाहिजेत त्यापेक्षा जास्त," मी म्हणालो.

बाईंनी फाटा पोटात सोडला. "पिशवी नको. जोड चांगला आहे."

"गेल्या महिन्यात असाच जोड होता, तेव्हा तुम्ही लावली होती."

"तुम्ही तुमची भूल बघा," बाई म्हणाल्या. जोडाजवळ एक रबरी नळी ठेवली, तिचं दुसरं टोक पोटाच्या कुशीतून बाहेर काढून खाटेखालच्या बाटलीत सोडलं. आत काही साचलं, पाझरलं, तर ते या बाटलीत दिसायचं. पोटाच्या आतल्या बातम्या बाहेर आणणारी तेवढीच वाट. मग पोट शिवलं.

पहिले काही दिवस झकास गेले. रावसाहेब खाटेवर बसून दरबार भरवायचे. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागलेली. शहाळी, सफरचंदं, कुठल्या कुठल्या देवांचे अंगारे. सोसायटीचे आजी-माजी, बाजार समितीतले अडते, नात्यातले, गोत्यातले. नर्सला खाटेपर्यंत पोचायचं तर कोपरानं वाट काढावी लागे. बाटलीत आधी लालसर पाणी यायचं, जसं यायला हवं तसं. मग बाटली कोरडी पडली. दोन दिवस टिपूस नाही.

"कोरडी?" बाईंनी राऊंडला विचारलं.

"कोरडी," नर्स म्हणाली.

"धुवूनच ठिवलीया म्हणा की," इंदाक्का कौतुकानं म्हणाली. त्या दिवशी बाई हसल्या. त्या हसल्या की गालाला खळी पडते, हे मला तेव्हा कळलं.

बाटली कोरडी पडल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मी शेजारच्या खोलीतल्या पेशंटला बघायला गेलो होतो, तेव्हा बाईंनी मला हाक मारली. आवाजावरूनच मी ओळखलं. रावसाहेबांचा दरबार संपला होता. उचकी लागलेली, जीभ कोरडी, डोळे आत. नाडी पळत होती. पोटाला हात लावला तर पाटासारखं कडक.

"बाटली?" मी विचारलं.

"कोरडी आहे," नर्स रडवेल्या आवाजात म्हणाली. "मी सकाळीच बघितली."

बाईंनी चादर एकदम बाजूला केली. कुशीतून निघालेली नळी त्यांनी बोटानं पकडली आणि तशाच बोटानं खाली खाली जात राहिल्या, मांडीपर्यंत, मांडीखाली, गादीच्या कडेला. तिथे नळी दुमडलेली होती. दुमडून तिच्यावर केसांचा काळा रबर चांगला तीन वेढे देऊन बांधला होता.

बाईंनी रबर काढला. नळीतून तपकिरी पाणी भळभळा आलं आणि वासानं सगळी खोली भरली. तो वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. जोड गळला होता.

"हा कुणाचा?" बाईंनी रबर वर धरला.

इंदाक्काचा हात आपोआप मागे स्वतःच्या केसांकडे गेला. केस रबराशिवाय नुसतेच अंबाड्यात खोचलेले होते. "माणसं येत्यात वो भेटाया," ती म्हणाली. "मोठमोठी माणसं. खाटंखाली रगत-पाणी गळताना दिसलं, तर काय म्हणतील? सभापतीचा मान... मी म्हणलं, माणसं असूस्तवर बांधावं. आन् मग सोडायचं ऱ्हाऊनच गेलं, बाटली स्वच्छच राहाया लागली. मला वाटलं, गळायचं थांबलं आपसूक."

भावाची अब्रू झाकायला तिनं नळीला गाठ मारली होती. मी इतक्या तऱ्हा पाहिल्या, पण ही नव्हती पाहिली. मला हसावं की तिला बाहेर काढावं कळेना.

"मी... मी मारलं का त्याला?" इंदाक्कानं विचारलं.

"रबरामुळं जोड गळला नाही," बाई म्हणाल्या. "तो गळला, ते रबरामुळं आम्हाला कळलं नाही. धरा." त्यांनी रबर तिच्या तळहातावर ठेवला. "आणि अजून कुणी मेलेलं नाही. बाजूला व्हा."

इंदाक्का बाहेर गेली. आम्ही ऑपरेशनची तयारी करायला सांगत होतो तेवढ्यात अंगणातून तिचा आवाज आला, साऱ्या आवाजांच्या वरचा. "कच्चा ठिवला! बाईनं जोड मुद्दाम कच्चा ठिवला! माझा एक भाऊ खाल्ला, आता दुसरा खाती!"

रबराचं तिनं कुणालाही सांगितलं नाही. पाचावर धारण बसलेला माणूस दुसऱ्याच्या अंगावर ओरडतो, तशी ती ओरडत होती. अंगण भरत चाललं. पोलिसांना फोन केला. गाडी पाठवतो म्हणाले. गाडी कुठे पंक्चर होती, देव जाणे. गेल्या वेळी फाटक तोडणारा लालबुंद डोळ्यांचा गडी पुन्हा फाटकाशी येऊन उभा राहिला, तेव्हा आमचा कंपाउंडर मागच्या दारानं घरी गेला तो आठवडाभर आला नाही.

बाई रावसाहेबांच्या खाटेशी वाकल्या. "ऐका. पोट पुन्हा उघडावं लागेल. आतून धुवायचं आणि पिशवी लावायची. आत्ता. उद्यावर टाकलं तर तुम्ही वाचत नाही. आत्ता केलं तर वाचाल, पण मी शब्द देत नाही."

"करा मग." उचकी.

"त्याआधी एक करायचं. खाट खिडकीपाशी नेते. तुमच्या माणसांना दोन शब्द सांगा. 'माझं काही झालं तरी दवाखान्याला हात लावायचा नाही', एवढंच. वर औषधांच्या खोलीत दोन बाळंतिणी हलवल्यात मी. तान्ही पोरं आहेत."

रावसाहेबांनी डोळे मिटले. मला वाटलं, होकार. मी खाटेची चाकं सोडायला वाकलोसुद्धा.

"न्हाई सांगणार," ते म्हणाले.

"का?"

त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. बोलताना त्यांना धाप लागत होती, तरी शब्द सावकाश आणि नीट येत होते, सभेत बोलावं तसे. "बाई, पुणं सोडून मी तुमच्याकडं का आलो, तुमी इचारलं हुतं. आता सांगतो. पुण्याला मी मेलो असतो, तर डाक्टर जेवून झोपला असता. नशीब म्हणला असता. हितं मी मेलो, तर गाव म्हणंल सूड घेतला. तुमचा दवाखाना ऱ्हाणार न्हाई, तुमी ऱ्हाणार न्हाई. हे तुमाला ठावं हाय, मला बी ठावं हाय. म्हणून तुमी मला मरू देणार न्हाई. ही भाईरची माणसं माझी हमी हायत. हमी कोण हातातनं सोडतंय व्हय?"

टेबलावरचा तो प्रश्न मला आत्ता कळला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. असं वाटलं, खाट तशीच अंगणात ढकलून द्यावी आणि म्हणावं, घ्या तुमचे सभापती, करा तुम्हीच काय करायचं ते. डॉक्टर असून असं वाटलं, आणि वाटलं म्हणून आजही मला त्याची लाज नाही.

बाई सरळ झाल्या.

"खाट आत घ्या," त्या म्हणाल्या. "ओतारी, चला."

या खेपेला बाईंनी हात एकदाच धुतले. भूल देताना रक्तदाब असा कोसळला की पहिली काही मिनिटं मला वाटलं, हा माणूस आपल्या हमीसकट चालला. मी त्याच्या दोन्ही हातांना सुया लावून सलाइनच्या पिशव्या पिळत होतो, औषधं चढवत होतो आणि मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्या उद्धरत होतो. बाईंनी पोट उघडलं. घाण उपसली, धुतलं, पुन्हा धुतलं. जोडाला मागच्या बाजूनं नखाएवढं भोक पडलं होतं. बस, तेवढंच.

वॉर्डाच्या बाजूनं काच फुटल्याचा आवाज आला. नर्सच्या हातातला चिमटा खाली पडला.

"दुसरा दे," बाई म्हणाल्या. मान वर केली नाही. बाहेर किती माणसं आहेत, हेही विचारलं नाही. त्यांनी आतड्याचा फाटा बोटांत धरला, पोटावर आणला, टाके घातले, पिशवी लावली. सगळं इतक्या झरझर की मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. जी गोष्ट होईल म्हणून बाई इतके दिवस भीत होत्या, ती होऊन चुकली होती. आता भ्यायला काही उरलंच नव्हतं.

शेवटचा टाका घालताना त्या तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी." मी ऐकलं न ऐकलंसं केलं.

रावसाहेब जगले. ताप उतरायला वेळ लागला, छातीत कफ भरला, जखम एका कोपऱ्यात पिकली. बाई दिवसातून चारदा त्यांना बघायला जायच्या आणि एकदाही त्यांच्याशी वैद्यकीच्या बाहेरचं बोलायच्या नाहीत. सभापती जिवंत आहेत म्हटल्यावर अंगण हळूहळू ओस पडलं. फुटली ती एकच काच. पोलिसांची गाडी आली, चहा पिऊन गेली.

घरी सोडायच्या दिवशी मी त्यांची छाती तपासायला गेलो होतो. इंदाक्का भावाच्या पोटावरची पिशवी बदलत होती. नर्सनं शिकवलं तसं, कडा न कडा पुसून, नाकाला पदर न लावता. बाई दारात उभ्या होत्या.

"बगा बाई," रावसाहेब म्हणाले. अंगावर मांस उरलं नव्हतं, पण ऐट जागेवर होती. "म्हणलो न्हवतो? मरू दिलं न्हाईसा. माझी हमी खरी निघाली का न्हाई?"

बाई आत आल्या. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. पण त्या अगदी हळू आवाजात बोलायला लागल्या.

"ही पिशवी मी पहिल्याच ऑपरेशनला लावायला हवी होती. जोड इतका खाली असला की मी लावते. प्रत्येकाला लावते. या ओतारींना विचारा. त्या दिवशी आतडं बोटांत धरून उभी होते मी. आणि सोडून दिलं. का, माहीत आहे? बाहेर तुमची हमी उभी होती. पिशवी दिसली की ती सूड सूड म्हणून ओरडणार होती. तुमच्या बहिणीनं तसं तोंडावर सांगितलंच होतं. मी घाबरले. पिशवी असती तर भोक पडूनही बहुधा निभावलं असतं, पोटभर विष झालं नसतं, तुम्हाला दुसऱ्यांदा फाडावं लागलं नसतं. तुमच्या हमीनं तुम्हाला वाचवलं नाही, रावसाहेब. मारत आणलं होतं."

इंदाक्काचे हात पिशवीवर तसेच राहिले.

"म्हंजे चूक तुमची!" रावसाहेब ओरडले. ओरडताना पोट दुखलं, म्हणून आवाज मधेच फाटला.

"माझी. तारीख आहेच पुढच्या महिन्यात, कोर्टात सांगा. मी नाही म्हणणार नाही. फक्त ती कशानं झाली, तेही सांगा."

"पिशवी बंद कराया मी पुण्याला जाईन!"

"जा," बाई म्हणाल्या. "तिथं तुम्हाला कुणी घाबरणार नाही."

मधे काही महिने गेले. रावसाहेबांनी कॅन्सरची औषधं मिरजेला घेतली, असं कानावर आलं. माणसांत फारसे दिसत नाहीत, असंही. कोर्टाच्या तारखा पडत राहिल्या. बाईंनी फिर्याद मागे घेतली नाही, रावसाहेबांनी माफी मागितली नाही. मग एक दिवस बाईंचा मला निरोप आला, उद्या सकाळी या, पिशवी बंद करायची आहे. कुणाची, ते सांगितलं नव्हतं.

मी सवयीनं मोटारसायकल मागच्या गल्लीत लावली आणि पुढून चालत आलो. अंगण रिकामं होतं. झाडाखाली कुणी नाही, पायऱ्यांवर कुणी नाही, फाटकाशी फक्त एक कुत्रं झोपलेलं. आत बाकावर इंदाक्का एकटीच बसली होती, मांडीवर टॉवेलची घडी घेऊन.

"बाकीची माणसं?" मी विचारलं.

"कुणाला सांगितलंच न्हाई," ती म्हणाली. "एस्टीनं आलो. त्योच म्हणाला, कुणी नगं." मग जरा घुटमळून तिनं विचारलं, "आज नळी असणार हाय का वो?"

"बहुतेक नाही."

"असली तरी मी हात लावणार न्हाई," ती म्हणाली.

रावसाहेब टेबलावर उताणे पडले होते. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, गळ्याखालची कातडी लोंबत होती. माझ्याकडे बघून हसले नाहीत की रामराम नाही. बाईंशी सकाळपासून त्यांचं जे काय बोलणं झालं ते, उपाशी आहात का, व्हय, एवढंच. मी त्यांच्या हाताची शीर शोधायला लागलो.

"भूलवाले डाक्टर."

"बोला."

"बाई घाबरलीया का?"

मी दाराच्या काचेतून बघितलं. बाईंचे हात धुऊन झाले होते. ओले हात वर धरून त्या नर्सला झापत होत्या, की टॉवेल कडक का नाही केले, यांना इस्त्री काय मी येऊन करू का.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "खरं सांगताय न्हवं?"

"खरं."

रावसाहेबांनी दम सोडला, डोळे मिटले.

"मग द्या भूल," ते म्हणाले.